रसदेच्या पंखांची उपेक्षा

लढाऊ विमान डोक्यावरून झेपावले की पाहणाऱ्यांच्या माना वर जातात, छाती अभिमानाने भरून येते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून त्याचे छायाचित्र झळकते. त्याच आकाशातून पिठाची पोती, इंधनाची पिंपे, औषधांच्या पेट्या, तोफांचे सुटे भाग आणि रजेवरून परतणारे जवान घेऊन जाणारे मालवाहू विमान मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. लोकांच्या मनातील हा पक्षपात समजण्यासारखा आहे. परंतु तोच पक्षपात राज्यकर्त्यांच्या आणि नियोजनकारांच्या मनात शिरला म्हणजे तो क्षम्य राहत नाही. भारताच्या सैन्यदलांतील वाहतूक विमानांची गेल्या वीस वर्षांतील कहाणी ही अशाच पक्षपाताची, दिरंगाईची आणि तुटक विचाराची कहाणी आहे. ती आज पहिल्या पानावर मांडण्याचे कारण एवढेच की, या ताफ्यातील जुन्या विमानांचे आयुष्य आता कागदावरच्या मुदतवाढीने लांबविता येण्याजोगे राहिलेले नाही. त्यांची जागा घेणाऱ्या विमानांविषयीचे निर्णय आणखी रेंगाळले, तर त्या दिरंगाईची किंमत पुढची तीस वर्षे मोजावी लागेल आणि ती सीमेवर उभा असलेला जवान मोजील.

युद्धात रसदेचे महत्त्व काय असते, हे मराठी माणसास नव्याने शिकविण्याची गरज नसावी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते आपण आजही पराक्रमाच्या आणि दुर्दैवाच्या भाषेत आठवतो. परंतु त्या दिवशी रणशिंग फुंकले जाण्यापूर्वीच निम्मी लढाई पोटाच्या आघाडीवर हरली गेली होती. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, अंतर्वेदीतून येणारा धान्याचा ओघ आटला, आणि उपाशी माणसे व उपाशी घोडी घेऊन भाऊसाहेबांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तलवारीची धार कमी पडली नव्हती. भाकरी कमी पडली होती. अडीचशे वर्षांत शस्त्रे बदलली, वाहने बदलली, पण हा नियम बदललेला नाही. बैलांच्या तांड्यांची जागा विमानांनी घेतली, एवढाच काय तो फरक.

स्वतंत्र भारताच्या संरक्षणाचा इतिहास तर मालवाहू विमानाच्या पोटातूनच जन्मला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे दिल्लीहून उडालेल्या डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरास उतरविले नसते, तर काश्मीरचा नकाशा आज निराळा दिसला असता. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या ओबडधोबड धावपट्टीवर डाकोटा उतरविले आणि लडाख वाचविण्याची वाट मोकळी केली. १९६२ साली स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट जातीचे विमान सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डीस नेऊन उतरविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, चीनचे आक्रमण सुरू झाले असताना, एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ जातीचे रणगाडे चुशूलच्या पठारावर पोचविले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलवर आमचे छत्रीधारी सैनिक उतरले आणि ढाक्याचा मार्ग खुला झाला. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्ऱ्याहून निघालेली आयएल-७६ विमाने मालदीवच्या हुलहुले बेटावर उतरली व तेथील बंड मोडले गेले. यांपैकी एकाही प्रसंगी निर्णायक साधन हे बाँब टाकणारे विमान नव्हते. ओझे वाहणारे विमान होते.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट नव्हे. जून २०२० मधील गलवानच्या चकमकीनंतर हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि शेकडो चिलखती गाड्या लडाखात नेऊन पोचविल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. एकंदर भार ९ हजार टनांच्या घरात होता. शांततेच्या काळातही हीच विमाने धावून येतात. २०१५ साली येमेनमध्ये अडकलेले आपले बांधव जिबूतीमार्गे सी-१७ विमानांतून मुंबईस आणि कोचीस परतले. एप्रिल २०२१ मध्ये महासाथीच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी रुग्णालये टाहो फोडीत होती, तेव्हा पुण्याहून रिकाम्या प्राणवायू टाक्या उचलून जामनगरास नेणारे विमानही हेच होते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या वादी सय्यिदना येथील मोडक्या, दिवे नसलेल्या धावपट्टीवर सी-१३० जे विमान रात्रीच्या अंधारात उतरले आणि १२१ माणसे घेऊन सुखरूप निघाले. ज्या साधनावर राष्ट्राने इतका भार टाकला, त्या साधनाची निगा राष्ट्राने कशी राखली, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आमचे कर्तव्य ठरते.

त्याचे उत्तर समाधानकारक नाही. आव्रो विमानांचेच उदाहरण घ्या. ही विमाने १९६० नंतरच्या दशकात ताफ्यात आली. शेपटीकडून उघडणारा उतरता दरवाजा त्यांना नाही. त्यामुळे जीपगाडी आत घेणे किंवा उडत्या विमानातून मोठा माल खाली सोडणे त्यांच्याकडून कधी नीट झाले नाही. ती बदलण्यास संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने २०१२ साली संमती दिली. २०१३ साली निविदा मागविल्या गेल्या. एकच निविदा आली, म्हणून फाईल अडली. ती एकच निविदा ग्राह्य धरावी की नाही, यावर खल झाला. मग किमतीवर खल झाला. आणि अखेर २४ सप्टेंबर २०२१ रोजी ५६ सी-२९५ विमानांचा सुमारे २२ हजार कोटी रुपयांचा करार झाला. पहिले विमान स्पेनमधील सेव्हिल येथे हाती पडले ते सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे गरज मान्य झाल्यापासून पहिले विमान येईपर्यंत अकरा वर्षे लोटली. या अकरा वर्षांत संमती होती, निधी होता, विकणारा होता. नव्हती ती फक्त निर्णय घेण्याची घाई.

आव्रोची गोष्ट त्यातल्या त्यात बरी म्हणावी, कारण ती शेवटास तरी गेली. खरी चिंता आहे ती एएन-३२ विमानांची. १९८४ पासून आलेली शंभराहून अधिक विमाने म्हणजे डोंगराळ सीमेवरील आपल्या रसदेचा कणा. पंखांच्या वर उंच बसविलेली त्यांची इंजिने विरळ हवेत आणि कडक उन्हात काम देतात; म्हणूनच लेहपासून मेचुकापर्यंत त्यांच्यावाचून पान हलत नाही. २००९ साली या विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी झाला. काही विमाने तेथे जावयाची, उरलेल्यांचे काम कानपूरच्या दुरुस्ती केंद्रात व्हावयाचे, अशी योजना होती. २०१४ साली क्रिमियाचा प्रश्न पेटला आणि सुट्या भागांचा पुरवठा अडखळला. त्यानंतर २०२२ साली सुरू झालेल्या युद्धाने तर एक विचित्र योग आपल्या वाट्यास आणला. एएन-३२ चे माहेर कीव्हला, आयएल-७६ चा आराखडा मॉस्कोचा आणि त्याची बांधणी ताश्कंदची. खरेदी केली तेव्हा ही तिन्ही शहरे एकाच राष्ट्रात होती. त्या राष्ट्राची शकले झाली आणि त्यांतील दोन शकले एकमेकांच्या जिवावर उठली. आपल्या ताफ्याचे दोन जुने खांब ज्यांनी उभे केले, तेच परस्परांशी लढत असताना सुट्या भागांसाठी कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न कोणत्याही खरेदी समितीने स्वप्नातही योजला नसेल. परंतु परकी यंत्रावर विसंबणाऱ्याने असे योग गृहीतच धरले पाहिजेत. त्यालाच नियोजन म्हणतात.

मोठ्या विमानांच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. २०११ साली दहा सी-१७ विमानांची मागणी नोंदविली गेली व २०१३ पासून ती येऊ लागली. सत्तर टनांहून अधिक भार उचलणारे हे विमान किती उपयोगी आहे हे अनुभवास आल्यावर आणखी काही घ्यावीत, असा विचार सुरू झाला. पण तोवर कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील त्याचा कारखाना २०१५ साली बंद झाला होता. शिल्लक राहिलेले एकच विमान आपल्या वाट्यास आले, ते २०१९ साली. आता जगात कितीही पैसे मोजले तरी नवे सी-१७ मिळत नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. विमानाचा कारखाना म्हणजे काही बारमाही वाहणारी नदी नव्हे. मागणी आटली की तो बंद होतो, आणि मग गरजवंताने कितीही दारे ठोठावली तरी आतून ओ येत नाही.

या अनास्थेची किंमत आकड्यांत मांडणे सोपे असते. माणसांत मांडणे अवघड. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ विमान बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ माणसे होती. हवाई दलाच्या अधिकारी-जवानांबरोबर भूदलाचे, नौदलाचे आणि तटरक्षक दलाचे सैनिक होते, मुलकी कर्मचारीही होते. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी त्याचे अवशेष दिसले, तोवर त्या घरांतून कोणत्या आशेवर दिवस काढले गेले असतील याची कल्पना करवत नाही. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकास निघालेल्या अशाच एका विमानाबरोबर १३ जण गेले. या अपघातांचे खापर विमानाच्या वयावर फोडण्याचा आमचा हेतू नाही. डोंगर, ढग आणि समुद्र नव्या विमानालाही गिळतात. मार्च २०१४ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोसळलेले सी-१३० जे विमान नवेकोरेच होते. आम्हाला दाखवावयाचे आहे ते निराळेच. तांबरमच्या त्या विमानात चारही दलांची माणसे एकत्र बसली होती. मालवाहू विमान कोणत्याही एका दलाचे नसते, ते साऱ्यांचे असते. मग त्याचा विचार मात्र दलागणिक वेगळा का व्हावा?

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे म्हणून अमेरिकेकडे क्षणभर पाहू. तेथे हवाई दल, नौदल, मरीन दल, तटरक्षक दल अशा प्रत्येकाचा मालवाहू ताफा आहे आणि पैशाची वानवा नाही. तरीही दलादलांतील ओढाताणीने काय घडते ते पाहा. २००७ साली भूदल आणि हवाई दल यांच्यासाठी मिळून सी-२७ जे हे छोटे मालवाहू विमान निवडण्यात आले. दोन वर्षांत ते भूदलाकडून काढून संपूर्णपणे हवाई दलाकडे देण्यात आले. आणखी तीन वर्षांनी हवाई दलाने ते आपल्याला परवडत नाही म्हणून टाकून दिले. अखेर जवळजवळ नवी असलेली १४ विमाने तटरक्षक दलास आणि उरलेली ७ विशेष कारवाया करणाऱ्या दलास वाटून द्यावी लागली. दुसरा प्रसंग याहून दुःखद आहे. १० जुलै २०१७ रोजी मरीन दलाचे एक जुने केसी-१३० टी विमान मिसिसिपी राज्यात हवेतच दुभंगले आणि १६ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले की, त्याच्या पंख्याच्या एका पात्यास लागलेला गंज २०११ साली हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्रात नीट काढला गेला नव्हता. विमान एका दलाचे, दुरुस्ती दुसऱ्या दलाची आणि जबाबदारी दोहोंच्या मधल्या फटीत पडलेली! श्रीमंत राष्ट्राला असे ठेचाळणे परवडते. आपल्याला परवडत नाही.

आपल्याकडे याबाबतीत आशेची चिन्हे नाहीतच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कानपुरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले डॉर्नियर-२२८ हे छोटे विमान हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल अशा तिघांच्याही सेवेत आहे, आणि एकाच जातीचे विमान अनेकांनी वापरण्याचे लाभ त्यातून सिद्ध झाले आहेत. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी खरेदी परिषदेने नौदलासाठी आणि तटरक्षक दलासाठी सागरी टेहळणीच्या व बहुविध कामांच्या विमानांना मान्यता दिली. नौदलासाठी नऊ आणि तटरक्षक दलासाठी सहा अशी ही पंधरा विमाने सी-२९५ च्याच सांगाड्यावर घडवावयाची आहेत. त्यानंतर महिन्याभरातच, १६ मार्च २०२४ रोजी, हवाई दलाच्या सी-१७ विमानाने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर, अरबी समुद्रावर नौदलाचे कमांडो आणि त्यांच्या होड्या हवेतून खाली सोडल्या आणि सोमाली चाच्यांच्या तावडीतील रुएन हे जहाज सोडविण्यास हातभार लावला. विमान एका दलाचे, माणसे दुसऱ्या दलाची, आणि कामगिरी राष्ट्राची! रणांगणावर जे साधते ते सचिवालयात का साधू नये?

तेथे मात्र अजून प्रत्येक दलाची वही निराळी आहे. प्रत्येक जण आपली गरज आपल्यापुरती मोजतो, आपली मागणी आपल्या रांगेत उभी करतो आणि रांग पुढे सरकेपर्यंत वाट पाहतो. संरक्षण दल प्रमुखांचे पद १ जानेवारी २०२० पासून अस्तित्वात आले, ते याच रोगावर औषध म्हणून. तिन्ही दलांच्या गरजा एकत्र मांडणे, त्यांचा अग्रक्रम लावणे आणि दुहेरी खर्च टाळणे हे त्या पदाचे पहिले काम. या कामाची परीक्षा घ्यावयाची असेल तर वाहतूक विमानांइतके चांगले क्षेत्र दुसरे नाही. कारण येथे अभिमानाचे कंगोरे कमी आहेत आणि एकत्र येण्याचा लाभ उघड आहे. वैमानिकांचे प्रशिक्षण, सिम्युलेटर, सुट्या भागांची कोठारे, दुरुस्तीचे कारागीर यांत एकाच जातीच्या विमानाने होणारी बचत शाळकरी मुलालाही समजावी.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हवाई दलास मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रनची संख्या ४२ आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर ती २९ वर आली. घराचे छप्पर गळत असताना बैलगाडीची चाके कसली बदलता, असा हा युक्तिवाद. परंतु त्यात एक गफलत आहे. लढाऊ विमानाचा तळ चालतो तो कशावर? त्याची क्षेपणास्त्रे, सुटी इंजिने, तंत्रज्ञ आणि दुरुस्तीची अवजारे आघाडीच्या धावपट्टीवर पोचवितो तो मालवाहू विमानांचा ताफाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये लडाखमधील न्योमाची धावपट्टी कार्यान्वित झाली. सुमारे १३,७०० फूट उंचीच्या त्या तळावर हवाई दल प्रमुख स्वतः सी-१३० जे विमान घेऊन उतरले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. धावपट्ट्या सीमेला भिडू लागल्या आहेत, पण त्यांवर उतरणाऱ्या वाहनांची संख्या त्या वेगाने वाढत नाही. हिमालयापलीकडील शेजाऱ्याने मात्र वाय-२० हे आपले स्वतःचे जड मालवाहू विमान २०१३ साली उडविले आणि २०१६ साली सेवेत आणले. त्याने लढाऊ विमाने आणि मालवाहू विमाने यांत निवड केली नाही; दोन्ही एका योजनेत बसविली.

दुसरा आक्षेप असा की, जुन्या एएन-३२ विमानांचे आयुष्य आणखी थोडे वाढवावे, तोवर स्वदेशी विमान तयार होईल. स्वदेशीचा आग्रह आम्हालाही प्रिय आहे. पण या आशेचा इतिहास पाहिला की मन खट्टू होते. कानपुरात जुळविलेले पहिले आव्रो विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी आकाशात गेले. तेथे पुढे एकूण ८९ विमाने बांधली गेली. साठ वर्षांपूर्वी ज्या देशाने मालवाहू विमान बांधले, त्याने त्या अनुभवावर पुढचे, अधिक चांगले आणि स्वतःच्या आराखड्याचे विमान का उभे केले नाही? परवान्यावर बांधण्याचे कौशल्य आले. आराखडा करण्याचे कौशल्य वाढविण्याची फिकीर कोणी केली नाही. रशियाबरोबर मध्यम मालवाहू विमान मिळून घडविण्याचा करार २००७ साली झाला, संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या आत तो बेत बारगळला. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे सारस हे छोटे विमान २००४ साली प्रथम उडाले. २००९ साली त्याच्या चाचणीत अपघात होऊन तीन जण गेले आणि त्या प्रकल्पाची गती मंदावली, ती पूर्वपदावर आलीच नाही. स्वदेशीच्या नावाने वाट पाहणे हे धोरण नव्हे. वाट पाहताना आराखडाकार घडविले तर ते धोरण. नुसत्या मुदती वाढविल्या तर ती निव्वळ सबब.

म्हणूनच बडोद्यास उभ्या राहिलेल्या सी-२९५ च्या कारखान्याकडे आम्ही अपेक्षेने आणि काहीशा सावधपणानेही पाहतो. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेन या दोन देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ५६ पैकी १६ विमाने सेव्हिलहून आली. उरलेली ४० टाटांच्या कारखान्यात बांधावयाची आणि त्यांतील पहिले सप्टेंबर २०२६ मध्ये द्यावयाचे, असे ठरले. लष्करासाठी संपूर्ण विमान खाजगी कारखान्यात बांधले जाण्याचा हा देशातील पहिलाच प्रयोग. २०२२ साली हा प्रकल्प बडोद्यास जाणार असे जाहीर झाले तेव्हा नागपूरच्या मिहानमध्ये तो यावयास हवा होता, म्हणून महाराष्ट्रात बरीच आदळआपट झाली. ती निराशा आम्ही समजू शकतो. पण त्या वादात मूळ मुद्दा हरवला, याचे वाईट वाटते. कारखाना कोणत्या शहरात उभा राहिला याहून तेथील चाळीस विमाने संपल्यावर काय, हा प्रश्न मोठा आहे. शेवटचे विमान दाराबाहेर पडल्यावर ते कारागीर, ती अवजारे, ते अभियंते पांगले, तर कानपूरचीच कहाणी बडोद्यास पुन्हा घडेल. नागपूरकरांना मानच हवा असेल, तर हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय त्यांच्याच गावी आहे, हे विसरू नये. विमान बांधण्याइतकेच ते तीस-चाळीस वर्षे उडते ठेवणे हे बुद्धीचे आणि निष्ठेचे काम आहे. त्या कामाभोवती उद्योग आणि शिक्षण उभे करण्यास विदर्भाला कोणी अडविलेले नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, संरक्षण दल प्रमुखांच्या देखरेखीखाली तिन्ही दलांचा आणि तटरक्षक दलाचा मिळून वाहतूक विमानांचा वीस वर्षांचा एकच आराखडा तयार व्हावा आणि त्याचा गोपनीय नसलेला भाग संसदेपुढे ठेवला जावा. कोणत्या जातीचे विमान कोणत्या वर्षी निवृत्त होणार आणि त्याची जागा कोण घेणार, हे त्यात तारखेनिशी लिहिलेले असावे. निवृत्तीची तारीख आधी आणि खरेदीचा विचार मागाहून, हा आजवरचा उफराटा क्रम आता थांबला पाहिजे. दुसरी गोष्ट, मध्यम विमानाचा निर्णय. अठरा ते तीस टन भार वाहणाऱ्या विमानासाठी हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये माहिती मागविली. अमेरिकेचे सी-१३० जे, ब्राझीलचे सी-३९० आणि युरोपचे ए-४०० एम ही नावे तेव्हापासून चर्चेत आली. त्यानंतरची वर्षे माहिती, मोजणी आणि मान्यता यांच्या पायऱ्या चढण्यात गेली. तिघांपैकी कोणते घ्यावे हे सांगण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे, आमचा नव्हे. आमचा आग्रह एवढाच की, आव्रोच्या वेळची अकरा वर्षे पुन्हा जाऊ नयेत. ज्याच्याशी करार होईल त्याच्याकडून केवळ जुळणीचे नव्हे, तर दुरुस्तीचे, इंजिनाच्या देखभालीचे आणि पुढील सुधारणांचे संपूर्ण हक्क पदरात पाडून घ्यावेत. कीव्ह आणि मॉस्को यांच्या भांडणात आपण अडकलो, ते उद्या दुसऱ्या कोणाच्या भांडणात अडकू नये.

तिसरी गोष्ट, एकदा जात निवडल्यावर ती सर्व दलांनी शक्य तितकी समान ठेवावी. सी-२९५ च्या बाबतीत जी सुबुद्धी सुचली ती मध्यम विमानाच्या बाबतीतही सुचावी. हवाई दलाचे मालवाहू, नौदलाचे टेहळे, तटरक्षकांचे शोध-बचाव विमान, तिघांचाही सांगाडा आणि इंजिन एकच असेल तर आणीबाणीत एकाचा तंत्रज्ञ दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. पण समानतेबरोबर जबाबदारीही निश्चित हवी. दुरुस्ती कोणीही करो, प्रत्येक विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा हिशेब कोणा एकाच अधिकाऱ्याच्या शिरावर असला पाहिजे; मिसिसिपीच्या त्या पात्याने शिकविलेला धडा तोच आहे. आणि चौथी गोष्ट, बडोदे, कानपूर व बंगळूर येथील कौशल्य एकत्र आणून स्वतःच्या आराखड्याचे मालवाहू विमान घडविण्याचे काम आजच हाती घ्यावे. ते वीस वर्षांनी उडेल, हे मान्य. परंतु आज आरंभ केला नाही, तर वीस वर्षांनीही आपण दुसऱ्याच्या कारखान्याच्या दाराशी माहिती मागविणारे पत्र घेऊन उभे असू.

या सर्वांस पैसा लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु मालवाहू विमानावर खर्च झालेला पैसा केवळ युद्धात परत मिळतो असे नाही. तो पुरात, भूकंपात, साथीत आणि परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांच्या सुटकेत दरवर्षी परत मिळतो. लढाऊ विमान वापरण्याची वेळ कधी येऊच नये अशी प्रार्थना आपण करतो. मालवाहू विमान वापरावे लागले नाही, असा दिवस मात्र उगवत नाही. सियाचीनच्या चौक्यांवर १९८४ पासून जो जवान उभा आहे, त्याच्या चुलीतील इंधन आणि त्याच्या खिशातील घरचे पत्र याच पंखांवरून येते.

संसदेत संरक्षण खात्याच्या मागण्या चर्चेस येतील तेव्हा लढाऊ विमानांविषयी भाषणे होतील, बाकेही वाजतील. त्या गदारोळात आपल्या लोकप्रतिनिधींपैकी एकाने तरी उठून विचारावे की, शेवटचे एएन-३२ कोणत्या दिवशी उतरणार आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी कोण उडणार? या एका प्रश्नाचे तारखेनिशी उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारला गेला पाहिजे. पानिपतावर रसद तुटली, तेव्हा ती पुन्हा जोडण्याची सवड भाऊसाहेबांना मिळाली नाही. आपल्याला ती आज आहे, आणि ती फायलींच्या ढिगाऱ्यात घालविण्याचा अधिकार कोणाही सरकारला नाही.